न केलेल्या कर्माचे फळ

नीतिशास्त्राचा प्रश्न म्हटला म्हणजे तो राजधर्म, सत्य, अहिंसा, युद्ध अशा थोर विषयांतूनच निघावयाचा, अशी आपणा सुशिक्षितांची एक समजूत असते. वर्गात शिकविताना आम्हीही आजवर तशीच उदाहरणे देत आलो. परंतु गेल्या वर्षी एक नीतिप्रश्न आमच्या दारात आला तो पेट्रोलच्या वासासह आला, आणि तो ज्या ठिकाणाहून निघाला ते ठिकाण म्हणजे गवत कापण्याच्या यंत्राचा मुठीएवढा कार्बोरेटर. विषय ऐकून वाचकांस हसू आले तर आमची हरकत नाही. प्रथम आम्हासही आलेच होते. पुढे ते मावळले. ते का मावळले हे सांगावे, आणि त्या निमित्ताने एका जुन्या शास्त्रीय वादाकडे पुन्हा एकवार पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे घर नाशकात, गंगापूर रस्त्याच्या बाजूस आहे. घरापुढे हिरवळीचा एक लहानसा तुकडा आहे. हिरवळ ही वस्तू मूळची आपल्याकडची नव्हे. आपल्या अंगणाला तुळस, पारिजातक, फार तर जाईचा मांडव पुरे. निव्वळ पाहण्यासाठी गवत वाढवावयाचे आणि वाढले की लागलीच कापावयाचे, ही हौस साहेबाची. इंग्लंडात १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने, लोकरी कापडावरची लव कातरण्याचे यंत्र डोळ्यांपुढे ठेवून, गवत कापण्याचे पहिले यंत्र तयार केले. तोवर तेथेही हे काम लांब दांड्याच्या कोयत्याने नाहीतर मेंढरांच्या तोंडानेच होत असे. ती हौस फिरत फिरत आमच्या दारी आली. हिरवळ आली म्हणून यंत्र आले, आणि यंत्र आले म्हणून ते चालविणारा मनुष्यही आला.

हे गृहस्थ वयाने आमच्याहून थोडे वडील. घरातील सर्व मंडळी त्यांस मामा म्हणत. नाशिकचा पाऊस ज्येष्ठात धरतो आणि आश्विनात ओसरतो. तेवढ्या चार महिन्यांत गवत असे माजते की आठवडा चुकला तर फाटकापासून पायरीपर्यंतची वाट शोधावी लागते. पुढे थंडी पडली म्हणजे त्याची वाढ मंदावते, मग ऊन तापते, आणि यंत्र कार्तिकापासून पुढच्या ज्येष्ठापर्यंत सहा-सात महिने जिन्याखाली पडून राहते. परवाच्या वर्षी कार्तिकात यंत्र आत ठेवण्यापूर्वी मामा म्हणाले, “सर, पेट्रोलचा कॉक बंद करून मशीन जरा चालू ठेवतो. आपोआप बंद पडू द्या. आत काही राहू देऊ नये.” आम्ही त्या वेळी उत्तरपत्रिका तपाशीत बसलो होतो. यंत्राचा आवाज मोठा. आता नको, मागाहून आम्हीच करू, असे आम्ही सांगितले. मामांनी यंत्र जिन्याखाली लोटले आणि ते गेले. उत्तरपत्रिका संपल्या, कार्तिक संपला, आम्ही मात्र ते केले नाही.

पुढच्या ज्येष्ठात मामांनी यंत्र बाहेर काढले. ताजे पेट्रोल आणण्यासाठी आदल्या दिवशी आम्ही त्यांच्याजवळ पैसे दिले होते, व ते त्यांनी आणले होते. चोक लावून दोरी ओढली म्हणजे यंत्र सुरू होई, चार-दोन धापा टाकी आणि मरे. असे दहा-बारा वेळा झाले. आम्ही व्हरांड्यात उभे राहून पाहत होतो. पाहता पाहता आमच्या तोंडून एक वाक्य निघून गेले. ते येथे जसेच्या तसे देण्याचे धैर्य आम्हास होत नाही. मामांनी आणलेल्या पेट्रोलात दुसरे काही मिसळले तर नाही ना, आणि उरलेल्या पैशांचे काय झाले, असा त्याचा आशय होता. मामांनी दोरी सोडली. हात पुसले. खिशातले सुटे पैसे काढून व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवले आणि ते फाटकाबाहेर पडले. पुन्हा आले नाहीत.

श्रावणापर्यंत गवत गुडघ्याशी आले. पावसाच्या दिवसांत दुरुस्तीच्या दुकानातून यंत्रांची रांग लागलेली असते. आमचा क्रम केव्हा लागेल हे कोणी सांगेना. तेव्हा शेजारचा अभियांत्रिकी शिकणारा मुलगा म्हणाला, “काका, कार्बोरेटर आपणच उघडून पाहू. त्यात आहे काय?” त्यात काय आहे हे आम्हास अशा रीतीने वयाची पन्नाशी उलटल्यावर कळले.

पेट्रोल नुसते इंजिनात ओतून चालत नाही. त्याचे बारीक तुषार व्हावे लागतात, आणि ते तुषार हवेशी ठराविक प्रमाणात मिसळावे लागतात; वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा, असे ते प्रमाण आहे. हे मिश्रण जमवून देणारा जो कारभारी, तो कार्बोरेटर. टाकीतले पेट्रोल नळीने एका छोट्या वाटीत उतरते. वाटीत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. वाटी भरत आली की तो वर उचलला जातो आणि त्यावर टेकलेली सुई पेट्रोलची वाट बंद करते. आपल्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत जो फुगा असतो, त्याचेच हे लहान भावंड. वाटीच्या वर हवेची नळी असते व ती मध्येच कंबर आवळल्यासारखी अरुंद केलेली असते. अरुंद जागेतून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. वेग व दाब यांचे हे नाते दानिएल बर्नुलीने १७३८ साली ग्रंथात मांडले, आणि अरुंद केलेल्या नळ्यांवरील आपले प्रयोग व्हेंतुरी या इटालियन पंडिताने १७९७ साली प्रसिद्ध केले. दाब उतरला की वाटीतले पेट्रोल, जेट नावाच्या पितळी तुकड्याला पाडलेल्या केसाएवढ्या छिद्रातून, वर ओढले जाते व हवेत उधळते. या तत्त्वावरील कार्बोरेटरचे पेटंट हंगेरीतील बांकी आणि चोंका या दोघांनी १८९३ साली घेतले. जर्मनीत मायबाख हाही त्याच सुमारास त्याच कल्पनेपाशी येऊन पोहोचला होता.

खरे पाहता ही वस्तू आपल्या कुटुंबांस अपरिचित नाही. एके काळी सकाळी स्कूटर सुरू होईना म्हणजे घरोघरचे कर्ते पुरुष तिला एका अंगावर कलती करीत व पुन्हा किक मारीत, तेव्हा ते या कार्बोरेटरचीच आळवणी करीत असत. २०२० च्या एप्रिलपासून धुराविषयीचे नवे कडक निकष लागू झाले आणि नव्या दुचाक्यांतून तो जवळजवळ नाहीसा झाला. आता गवत कापण्याची, फवारणीची अशी लहानसहान यंत्रे हेच त्याचे मुख्य आश्रयस्थान उरले आहे.

असो. प्रथम आम्ही प्लगची वायर काढून ठेवली, कारण यंत्र चुकून फिरले तर पाते बोटे ओळखीत नाही. मग कॉक बंद केला, खाली जुने ताट धरले आणि वाटीचा बोल्ट सोडविला. वाटी हातात आली. तिच्यातील पेट्रोल ओतून टाकले तेव्हा तळाशी काकवीच्या रंगाचा एक चिकट थर दिसला, आणि कडेने धातूला पांढुरकी पूड आलेली दिसली. जेट काढून उजेडासमोर धरला. छिद्रातून उजेड आला नाही.

याचे कारण त्या मुलाने सांगितले ते असे. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे मिश्रण आहे. ते पडून राहिले म्हणजे त्यातील हलके भाग उडून जातात, व मागे राहिलेल्या जड भागांवर हवेतील प्राणवायूचे कार्य होऊन त्यांचा डिंकासारखा राळा बनतो. त्यात अलीकडे आपल्या पेट्रोलात इथेनॉल असते. २०२२ साली त्याचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले, २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर. इथेनॉलला पाण्याचे वेड. हवेतील ओलावा ते शोषून घेते, आणि पाणी फार झाले की दोघेही पेट्रोलास सोडून तळाशी जाऊन बसतात. रोजच्या वाहनात तसे होण्यास सवड मिळत नाही. सहा-सात महिने जिन्याखाली पडलेल्या यंत्रात मात्र सवडीशिवाय दुसरे असते काय?

छिद्रात टाचणी घालण्याचा आम्हास मोह झाला. मुलाने हात धरला. पितळ मऊ असते. पोलादी टाचणीने छिद्र वाढले की हवा-पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. तेव्हा विजेच्या वायरीतून तांब्याची एकच तार वेगळी काढली, साफ करण्याचा फवारा आणला, आणि सायकलच्या पंपाने फुंकर घातली. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर जेट पुन्हा वर धरला तेव्हा छिद्रातून आभाळाचा एक ठिपका दिसला. सर्व भाग उलट्या क्रमाने बसविले. तिसऱ्या ओढीला यंत्र सुरू झाले आणि सुरूच राहिले. त्या आवाजाने आम्हास जो हर्ष झाला तो आमच्या एखाद्या ग्रंथाच्या प्रकाशनानेही झाला नसेल. परंतु तो टिकला नाही. कारण त्याच आवाजात मामांचे कार्तिकातील शब्द आठवले.

वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तोपर्यंत ते शब्द आम्हास आठवलेच नव्हते. ज्येष्ठात मामांवर आळ घेताना आम्ही जाणून-बुजून असत्य बोललो नव्हतो. ज्याच्या हातात यंत्र बंद पडले त्याच्याच हातून काही तरी झाले असावे, असे आम्हास खरोखर वाटले होते. सत्य बोलण्याचा नियम आम्ही मोडला नव्हता, तरी आम्ही एका निरपराध माणसाला चोर ठरविले होते. हे घडले कसे?

पूर्वमीमांसकांनी कर्माचे जे प्रकार केले आहेत, त्यांत काम्य कर्म आणि नित्य कर्म असा भेद आहे. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करावयाचे. नित्य कर्म, जसे संध्यावंदन, रोज करावयाचे. या नित्य कर्माविषयी एका पक्षाचे मत मोठे विलक्षण आहे. ते केल्याने काही विशेष फळ मिळत नाही. परंतु न केल्याने दोष मात्र लागतो. या दोषाला त्यांनी प्रत्यवाय असे नाव दिले. विद्यार्थिदशेत हे मत वाचले तेव्हा ते आम्हास सावकारी हिशेबासारखे वाटले होते: भरणा केला तर जमेस नाही, न केला तर व्याज चालू. शंकराचार्यांचा यावरील आक्षेप त्या वेळी आम्हास निरुत्तर करणारा वाटला. न करणे हा केवळ अभाव आहे. आणि अभावापासून भाव कसा उत्पन्न होईल? जे घडलेच नाही, त्यातून पाप नावाची वस्तू कोठून यावी?

आता इतक्या वर्षांनी वाटीतला तो थर पाहून आम्हास हा आक्षेप पुन्हा आठवला. आम्ही जे केले नाही, त्यातून एक चिकट, तपकिरी, नखाने खरवडता येण्याजोगी वस्तू उत्पन्न झालेली आमच्या पुढ्यात होती. मग आचार्यांचे म्हणणे चुकले काय?

या वादाचा निकाल आमच्या मते शास्त्रग्रंथांहूनही आपल्या आजीबाईंच्या एका कोड्यात अधिक सोप्या रीतीने लागलेला आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, हे तीन प्रश्न आणि त्यांचे एकच उत्तर प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते: न फिरवल्यामुळे. लहानपणी या कोड्यात आपणास फक्त शब्दांची गंमत दिसते. परंतु थोडे थांबून पाहिले म्हणजे दिसेल की भाकरी ‘न फिरवण्याने’ करपत नाही. ती विस्तवाने करपते. पान न फिरवण्याने सडत नाही; ते दमटपणाने सडते. येथवर आचार्यांचे तर्कशास्त्र अबाधित आहे: अभावाने काही केलेले नाही. पण विस्तव होता, आणि भाकरी तव्यावर आपण टाकली होती. जगात स्तब्ध अशी जागाच नसल्यामुळे आपण हात उचलला तरी विस्तवाने आपला हात उचललेला नसतो. आपण काही करीत नाही तेव्हा दुसरे कोणी तरी करीतच असते. हवा करीत असते, ओलावा करीत असते, काळ करीत असतो. अकर्मात कर्म पाहावे, असे जे भगवद्गीता सांगते, त्याचा आध्यात्मिक अर्थ अधिकारी पुरुषांनी सांगितलेलाच आहे; स्वयंपाकघरातला अर्थ हा असा आहे.

परंतु येथे एक शंका निघते. न केलेल्या कर्मांची संख्या अनंत आहे. या क्षणी आपण जगातील कोट्यवधी कामे करीत नाही. त्या सर्वांचा दोष आपल्या माथी कसा येईल? कायदेपंडितांस हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. भारतीय दंडसंहितेच्या १८३७ च्या मसुद्याला जोडलेल्या टिपणांत मेकॉलेने त्याचा ऊहापोह केला आहे, आणि दृष्टान्त घेतला आहे तो पुराच्या नदीचा. आम्हा गोदाकाठच्या लोकांस तो विशेष पटण्यासारखा आहे. नदी उतार देण्यासारखी नाही हे एकाला ठाऊक आहे, प्रवासी पाण्यात उतरतो आहे, ठाऊक असणारा बोलत नाही, प्रवासी बुडतो. न बोलणारा खुनी की नाही? मेकॉले म्हणतो, तो जर प्रवाशांस सावध करण्यासाठीच तेथे नेमलेला शिपाई असेल, किंवा पार नेण्याचा करार केलेला वाटाड्या असेल, तर खुनी. पण ज्याच्यावर माणुसकीखेरीज दुसरा कोणताही हक्क प्रवाशास नाही असा कोणी असेल, तर कायद्याने तो खुनी नव्हे. हेच तत्त्व पुढे १८६० च्या दंडसंहितेच्या ३२ व्या कलमात आले: कृत्य या शब्दात बेकायदा अकृत्याचाही समावेश होतो. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हे तत्त्व तिच्यातही कायम आहे.

तात्पर्य, प्रत्येक न केलेल्या कर्माचा दोष लागत नाही. जे करण्यास आपण बांधलेले आहो, त्याचाच लागतो. मग आपण कशाकशास बांधलेले आहो? आमचे उत्तर असे की, ज्याने भाकरी तव्यावर टाकली त्याने ती फिरवावी. हिरवळ आम्ही लावली, यंत्र आम्ही आणले, ‘मागाहून करू’ हा शब्द आम्ही दिला. एखाद्या वस्तूचा धनी होणे म्हणजे तिच्याबरोबर नित्यकर्मांची एक पोथीच घरात आणणे होय. विकत घेताना पावती मिळते, ही पोथी मिळत नाही; एवढाच काय तो फरक.

आता ज्या प्रश्नापाशी आम्ही अडलो होतो त्याकडे वळू. आळ मामांवर का गेला? याचे उत्तर आमच्या समजुतीप्रमाणे असे आहे की, केलेल्या कर्माची स्मृती राहते, न केलेल्याची राहत नाही. मनुष्य आपण काय केले ते आठवतो. काय केले नाही हे आठवण्यास त्याच्याजवळ साधनच नसते. त्या कर्माला तिथी नाही, वार नाही, साक्षीदार नाही. म्हणून त्याचे फळ जेव्हा समोर येऊन उभे राहते, तेव्हा ते आपले म्हणून आपण ओळखीत नाही. फळ आहे त्यापेक्षा कर्ता असलाच पाहिजे, या न्यायाने आपण कर्त्याचा शोध करू लागतो. आणि आपली दृष्टी ज्याचे हात त्या क्षणी कामात आहेत त्याच्यावर जाऊन पडते. जो करतो तो दिसतो. जो करीत नाही तो दिसत नाही. सबब न करणाराचे फळ करणाराच्या माथी बसते, आणि ते कोणाच्याही दुष्टपणावाचून, अगदी सहज बसते.

हा प्रकार आमच्याच घरी झाला असे नव्हे. जरा आजूबाजूस पाहावे. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली. ज्या घरात ती आहेत त्या घरात चिंचेने समया घासण्याचे, भांड्यास वेळेवर कल्हई करून घेण्याचे काम कोणी केले? आपल्या मातांनी व भगिनींनी. लखलखणाऱ्या समईकडे पाहून आजवर कोणा पुरुषाने काही म्हटल्याचे आम्हास स्मरत नाही. पण एके दिवशी कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात कढी कळकली म्हणजे ‘आज हिने काय करून ठेवले!’ असा प्रश्न मात्र पानावरूनच विचारला जाई. कल्हईवाला दारावरून गेला त्या दिवशी पैसे द्यावयाचे कोणी टाळले, हे कोणी विचारीत नसे. दुरुस्तीला प्रेक्षक असतात. निगा ही एकान्तात होते. मुलगा ज्या दिवशी नापास होतो त्या दिवशीचे शिक्षक सर्वांस दिसतात. आधीच्या दहा वर्षांत त्याच्याजवळ बसून कोणी वाचले नाही, हे कोणाच्याच डोळ्यांस दिसत नाही. आम्ही शिक्षक असल्यामुळे या दुसऱ्या उदाहरणाची तक्रार आम्ही अनेकदा केली आहे. पहिल्याची कधी केली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

यावर आमचे एक अर्थशास्त्रज्ञ स्नेही म्हणाले, “तुम्ही उगीच तत्त्वज्ञान माजविता. श्रमविभाग हा संस्कृतीचा पाया आहे. प्राध्यापकाने शिकवावे, कारागिराने यंत्र दुरुस्त करावे. पंधरा दिवस थांबला असता, थोडे पैसे टाकले असते, तर काम झाले असते.” हा आक्षेप वजनदार आहे. प्रत्येकाने प्रत्येक वस्तू स्वतः उघडावी असा आमचाही आग्रह नाही; आमच्या हातून उघडलेल्या अनेक वस्तू पुन्हा मिटलेल्या नाहीत, हे घरातील मंडळी सांगतीलच. परंतु स्नेह्यांनी सुचविलेला मार्ग आम्ही पत्करला असता तर काय झाले असते, ते पाहावे. कारागिराने वाटी उघडली असती, राळा धुऊन टाकला असता, जेट साफ केला असता, आणि यंत्र चालू स्थितीत आमच्या हवाली केले असते. आम्ही पैसे दिले असते. गवत कापले गेले असते. आणि मामा आमच्या घरात जन्मभर चोर राहिले असते. दुरुस्ती झाली असती; न्याय झाला नसता.

आपल्या वस्तू कशा चालतात याचे अज्ञान हे केवळ व्यावहारिक उणेपण आहे, असे आम्ही आजवर समजत होतो. किंबहुना थोडेसे भूषणच मानीत होतो. आता तसे वाटत नाही. ज्याला यंत्राच्या पोटात काय चालते हे ठाऊक नाही, त्याला यंत्र बिघडल्यावर न्यायाधीशाच्या जागी बसण्याचा अधिकार नाही. आणि आपण सुशिक्षित लोक तर रोज त्या जागी बसत असतो. मोलकरीण, माळी, गाडी चालविणारा, नळ दुरुस्त करणारा, या सर्वांचे निवाडे आपण व्हरांड्यात उभे राहून देतो. स्वतः काम न करता आले तरी चालेल. पण ज्याला ते कळते तो जेव्हा ‘आत काही राहू देऊ नये’ असे सांगतो, तेव्हा उत्तरपत्रिका क्षणभर बाजूस ठेवून ते ऐकावे, इतके तरी आपल्याकडून व्हावयास हवे.

येथे लेख संपविता आला असता. परंतु आमची हकीकत अद्याप पुरी झालेली नाही. दोष कोणाचा हे आम्हास श्रावणात कळले. मामांना ते सांगण्यास आम्ही गेलो ते दिवाळी झाल्यावर. मधल्या महिन्यांत आम्ही काय करीत होतो? काही नाही. जाऊ म्हणत होतो. मागाहून करू, हा तोच शब्द. न करण्याविषयी इतका विचार करूनही तेच कर्म पुन्हा आमच्या हातून न होता राहिले, ही गोष्ट या निबंधातील सर्व युक्तिवादांहून अधिक बोलकी आहे, असे आम्हास वाटते.

मामा दिंडोरी तालुक्यात मुलीच्या घरी राहावयास गेले होते व जावयाच्या द्राक्षबागेत काम पाहत होते. ऑक्टोबरची छाटणी होऊन फवारणीचे दिवस चालू होते. आम्ही पोहोचलो तेव्हा सायंकाळ झाली होती, आणि मामांपुढे पाठीवर घ्यावयाचा पेट्रोलचा पंप चालू स्थितीत ठेवलेला होता. पंपाच्या टाकीतले उरलेले पेट्रोल त्यांनी डब्यात काढून घेतले होते व वाटीतले संपून पंप आपोआप बंद पडण्याची ते वाट पाहत होते. आम्ही तेथेच उभे राहून सर्व काही सांगितले: जेट गच्च झाला होता, पेट्रोल परवाचे होते, त्यांनी सांगितले होते आणि आम्ही ते केले नव्हते, आणि ज्येष्ठात आम्ही जे बोललो ते आम्ही बोलावयास नको होते. मामा पंपाकडेच पाहत राहिले. थोड्या वेळाने पंपाने दोन आचके दिले आणि तो थांबला. मग ते म्हणाले, “पोटात राहिलं की नासतंच, सर.” आणि मुलीला चहा टाकावयास सांगितले.

मामा पुन्हा आमच्याकडे कामास आले नाहीत. बागेत त्यांचे बरे चालले आहे, आणि आम्हीही त्यांना या म्हणण्याचे धाडस केले नाही. गवत आता आम्हीच कापतो. खंडेनवमीस आपण घरातील हत्यारांची व यंत्रांची पूजा करतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत बहुधा त्यांच्याकडे पाहत नाही. यंदा त्या दिवशी आम्ही हंगामातली शेवटची कापणी केली, कॉक बंद केला आणि यंत्र चालू ठेवून त्याच्याजवळ उभे राहिलो. चार-पाच मिनिटांत ते आपोआप थांबले. फूल त्यानंतर ठेवले.

ज्येष्ठात ते पहिल्या ओढीला सुरू झाले तरी त्यात कोणास काही विशेष दिसणार नाही. नित्यकर्माला फळ नाही असे जे मीमांसक म्हणतात, त्याचा अर्थ बहुधा हाच असावा. न झालेला बिघाड कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि कोणावर न आलेला आळही.